रंगाखालचा तळ : प्रस्तावना

रंग म्हणजे आच्छादन ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की भिंत असो, दार असो वा मूर्ती असो, काहीही रंगवावयाचे झाले म्हणजे दुकानदाराला आपण पहिला प्रश्न विचारतो तो हाच की, एका हातात खालचे झाकेल ना? ज्याने एका हातात झाकले तो रंग चांगला आणि ज्याला तीन हात लागले तो हलका, असा आपला सरधोपट निवाडा असतो, आणि घराच्या भिंतीपुरता तो वावगाही नाही. परंतु विमाने, मोटारी, रणगाडे आणि जहाजे यांच्या लघुप्रतिकृती करणाऱ्यांच्या मेजावर अशाही काही बाटल्या असतात की ज्यांतील रंगाने खालचे झाकले तर तो रंग बिघडला असे समजावे. विमानाच्या पंखांच्या टोकांवरील तांबडा आणि हिरवा दिवा, मोटारीच्या पाठीमागची लाल काच, तापून तापून निळीजांभळी झालेली धुराची नळी, व्हार्निश चढविलेल्या प्लायवुडचे पिवळसर अंग, रुपेरी पत्र्यावर खुललेला गर्द माणकी रंग, ही सर्व कामे पारदर्शक रंगांची आहेत. आणि असे रंग बाजारात सहज मिळणाऱ्या जिनसांतून, थोड्या खर्चात, आपल्या हाताने कसे सिद्ध करावेत व एअरब्रशने कसे चढवावेत, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय होय.

छंदिष्टांच्या मंडळीत या विषयाची चर्चा बहुधा बाटलीवरील नावापासून सुरू होते आणि बाटलीच्या किमतीपाशी थांबते. तामिया कंपनीच्या एक्स-२७ या तांबड्याची, एक्स-२३ या निळ्याची आणि एक्स-१९ या धूम्रवर्णाची कीर्ती जगभर आहे आणि ती सर्वथा सार्थ आहे. परंतु १० मिलिलिटरची ती बाटली जपानातून निघून, आयातशुल्क भरून, वाहतुकीचा आणि दलालीचा खर्च सोसून आपल्याकडील गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तिची किंमत अशी होऊन बसते की कॉलेजात शिकणारा मुलगा ती उघडण्यासच कचरतो. आणि जो रंग उघडण्यास माणूस कचरतो त्या रंगाचा सराव त्याच्या हातून कधीच होत नाही. या पुस्तकात किफायतीचा आग्रह धरला आहे तो एवढ्याचसाठी. पैसा वाचावा हा त्यातील गौण हेतू. रंग मुबलक असावा, तो वाया गेल्याची हळहळ वाटू नये, आणि म्हणून हाताला भरपूर सराव मिळावा, हा प्रधान हेतू. शिवाय या आग्रहाला शास्त्राचाही आधार आहे. झाकणाऱ्या रंगाचा गुण बाटलीत असतो. पारदर्शक रंगाचा गुण बाटलीत थोडा, आणि खालच्या तळात व चढविलेल्या थराच्या जाडीत फार मोठा असतो. सबब या दोन गोष्टींवर ज्याला हुकूमत मिळविता आली त्याला उंची बाटल्यांची रांग मांडून बसण्याचे कारण उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सर्व विवेचन या एका मताच्या समर्थनार्थ आहे.

रंग झाकतो तो कशामुळे, हे प्रथम पाहिले पाहिजे. वाळलेल्या थरात मुख्यतः दोन द्रव्ये असतात : रंगाचे सूक्ष्म कण, आणि त्या कणांना एकत्र धरून पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारे बंधक. या दोहोंच्या अपवर्तनांकांत जितके अंतर अधिक, तितका प्रकाश त्यांच्या सीमेवर अधिक विखुरतो. आणि विखुरलेला प्रकाश तळापर्यंत पोहोचण्यापूर्वीच माघारी फिरल्यामुळे तळ दिसेनासा होतो. ॲक्रिलिक बंधकाचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा, रूटाइल या स्फटिकरूपात, सुमारे २.७, म्हणूनच हे पांढरे द्रव्य झाकणाऱ्या रंगांत अव्वल ठरले आहे, आणि म्हणूनच पारदर्शक मिश्रणात त्याचा एक थेंबदेखील शिरता कामा नये. उलटपक्षी अल्ट्रामरीन निळ्याचा अपवर्तनांक बंधकाच्या अगदी जवळ असल्यामुळे तो इतका गर्द असूनही नीटसा झाकत नाही. दुसरी बाब कणांच्या आकारमानाची. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास ज्यांचा आकार असतो ते कण प्रकाश सर्वाधिक विखुरतात. त्याहून पुष्कळ बारीक केले की तेच द्रव्य पारदर्शक होऊ लागते. लोह-ऑक्साइडचा जो तांबूस-तपकिरी रंग आपण पक्का झाकणारा म्हणून ओळखतो, तोच अतिसूक्ष्म कणांच्या रूपात उत्तम पारदर्शक रंग म्हणून मिळतो. आणि जेथे कणच नाहीत, रंगद्रव्य पूर्णपणे विरघळलेले आहे, तेथे विखुरण जवळजवळ उरतच नाही.

आता जाडीचा हिशेब पाहू. रुपेरी तळावर पारदर्शक तांबड्याचा एक पातळ थर दिला आहे, आणि जो हिरवानिळा प्रकाश हा तांबडा शोषून घेतो त्यातील १०० पैकी ८० भाग हा थर एका वेळी आरपार जाऊ देतो, असे धरू. प्रकाश तळापर्यंत जातो आणि तेथून उलटून पुन्हा वर येतो, म्हणजे एकाच थरातून दोनदा जातो. तेव्हा तळ संपूर्ण परावर्तक मानला तरी डोळ्यापर्यंत ६४ भागच पोहोचतात. आणखी एक तसाच थर दिला की ४१ भाग, तिसरा दिला की २६. प्रकाश येथे वजाबाकीने घटत नाही, गुणाकाराने घटतो. हा नियम फ्रान्समधील प्येर बूगेर याने १७२९ साली दाखवून दिला, लांबर्टने १७६० मध्ये तो गणिताच्या भाषेत मांडला, आणि १८५२ साली आउगुस्ट बेअर याने त्याला द्रावणातील रंगद्रव्याच्या प्रमाणाची जोड दिली. या तिघांचा रंगकामाशी काही संबंध नव्हता. तथापि त्यांच्या सिद्धान्ताचा अर्थ आपल्यापुरता फार मोलाचा आहे. पातळ थरातील तीव्र रंग आणि जाड थरातील सौम्य रंग यांचा परिणाम सारखाच होत असेल, तर सौम्य मिश्रण करून अनेक हात देणाऱ्याचे काहीच नुकसान नाही. उलट प्रत्येक हातागणिक थांबून पाहण्याची मुभा त्यालाच मिळते. रंगद्रव्य महाग आणि माध्यम स्वस्त असल्यामुळे किफायत आणि कारागिरी या ठिकाणी एकाच वाटेने चालतात.

झाकणाऱ्या रंगाला एक शेवट असतो. तळ पूर्ण झाकला की पुढचे हात केवळ जाडी वाढवितात, रंग बदलत नाहीत. पारदर्शक रंगाला असा शेवट नाही. तो प्रत्येक हाताने गडद होत जातो, आणि नुसता गडद होत नाही तर आपली जातही बदलतो : पिवळा नारिंगीकडे झुकतो, तांबडा काळसर किरमिजीकडे, आणि थॅलो निळा तर अखेरीस काजळाच्या रंगाला जाऊन पोहोचतो. कोठे थांबावे हे बाटली सांगत नाही. ते ठरविण्याचा अखत्यार सर्वस्वी कारागिराच्या डोळ्याकडे राहतो. कडा, खोबणी आणि जेथे दोन फवारे एकमेकांवर पडतात त्या जागा इतरांहून गडद का दिसतात, याचेही कारण हेच. नवशिक्याच्या मोटारीवर जे पट्टे उमटतात ते रंग वाईट असल्यामुळे उमटत नाहीत. हाताची गती विषम असल्यामुळे थराची जाडी विषम होते, आणि पारदर्शक रंग ती विषमता लपवून ठेवू शकत नाही.

जडावाचे काम करणारे सोनार पारदर्शक रत्नाखाली चकचकीत पत्र्याची डांक घालतात, आणि ती डांक मळली की बावनकशी कोंदणातले माणिकही मलूल दिसू लागते. पारदर्शक रंगाचे आपल्या तळाशी असलेले नाते अगदी याच स्वरूपाचे आहे. एकाच वाटीतील तांबडा पांढऱ्या तळावर गुलाबीकडे झुकतो, रुपेरी तळावर खोल आणि तेजस्वी होतो, सोनेरी तळावर धगधगीत वाटतो, आणि काळ्या तळावर जवळजवळ नाहीसा होतो. सबब या पुस्तकात रंगाच्या प्रकरणाआधी तळाचे प्रकरण घातले आहे, आणि तळ घासून गुळगुळीत करणे, त्यावरील बोटांचे ठसे पुसणे, रुपेरी थर एकसारखा देणे या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांना त्यात भरपूर जागा दिली आहे.

तळ आणि थर यांच्या या नात्याचा सर्वांत बोलका दाखला मला दुसऱ्या महायुद्धातील जपानी विमानांत आढळतो. मित्सुबिशी कंपनीच्या ज्या विमानाला जग झीरो म्हणून ओळखते, ज्याची योजना जिरो होरिकोशी या अभियंत्याने केली आणि जे १९३९ च्या एप्रिल महिन्यात प्रथम आकाशात चढले, ते वजनाने हलके राहावे म्हणून उच्च बलाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे केलेले होते. आणि त्याला राहावयाचे होते विमानवाहू जहाजांवर, खाऱ्या वाऱ्याच्या अखंड माऱ्यात. अशा धातूला समुद्राची हवा कुरतडते. म्हणून जपानी विमानांच्या धडाच्या आणि पंखांच्या आतील पत्र्यावर आओताके नावाचे एक निळसर-हिरवट पारदर्शक लॅकर चढविण्याचा शिरस्ता होता. ते धातूचे रक्षण करी, परंतु धातूला झाकत नसे. उघड्या ॲल्युमिनियमची चमक त्याच्या आडून दिसत राही, आणि संपूर्ण अंतर्भाग निळ्याहिरव्या धातूचाच घडविला असावा असा भास होई. वैमानिकाच्या कोठडीचा हिरवा रंग निराळा, तो झाकणारा होता. हे दोन रंग एकाच विमानात शेजारी शेजारी नांदत असत.

आता या लॅकरची नेमकी छटा कोणती, यावर प्रतिकृतिकारांत फार मोठे वाद झालेले आहेत. कोणी निळ्याच्या बाजूने, कोणी हिरव्याच्या, तर कोणी पिवळसर झाकेच्या बाजूने दाखले देतो. माझ्या मते हा वाद बराचसा निरर्थक आहे, कारण तो झाकणाऱ्या रंगाच्या कल्पनेतून उत्पन्न झालेला आहे. झाकणाऱ्या रंगाची छटा नमुन्याच्या पट्टीवर निश्चित करता येते. पारदर्शक लॅकरची छटा ते एका हाताने दिले की दोन हातांनी, पत्रा नवा होता की डागळलेला, प्रकाश समोरून पडला की तिरपा, यांवर अवलंबून असते, आणि अवशिष्ट विमानांवर ती जागोजाग निरनिराळी दिसणे हेच स्वाभाविक आहे. ज्याला आओताके हवे आहे त्याने छटेची तयार बाटली शोधण्याऐवजी जपानी कारखान्यात जे केले गेले तेच करावे : आधी प्रामाणिक रुपेरी तळ द्यावा, मग निळा आणि हिरवा यांचे पारदर्शक मिश्रण पातळ फवाऱ्याने चढवावे, सांध्यांच्या आसपास एखादा हात अधिक द्यावा, मोकळ्या पत्र्यावर एखादा कमी. आगपेटीएवढ्या जागेत एकाच रंगाच्या पाच-सहा छटा आपोआप उमटतात, आणि त्या सगळ्याच खऱ्या असतात. रुपेरीत निळाहिरवा कालवून केलेली तयार धातुरंगाची बाटली हे काम करू शकत नाही, कारण त्यात धातूची चमक रंगाच्या खाली नसून रंगात मिसळलेली असते.

इतर उपयोग थोडक्यात नमूद करतो. पहिल्या महायुद्धातील जर्मन आल्बाट्रॉस विमानांचे धड प्लायवुडचे असून त्यावर पारदर्शक व्हार्निश असे. फिकट बदामी तळावर तैलरंगाने लाकडाचे तंतू ओढून वर पिवळ्या-नारिंगीचा पारदर्शक हात दिला की हुबेहूब तो परिणाम साधतो. तापलेल्या पोलादावर उमटणारे रंग अग्नीपासूनच्या अंतराच्या क्रमाने येतात : सर्वांत दूर गवती पिवळा, त्याच्या आत तपकिरी आणि जांभळा, आणि उष्णतेच्या निकट निळा. मोटारसायकलीच्या धुराच्या नळीवर हा क्रम उलटा झाला तर जाणत्याच्या नजरेला तो तत्काळ खटकतो. विमानाच्या डाव्या पंखाचा दिवा तांबडा आणि उजव्याचा हिरवा, हे सर्वांना ठाऊक आहे; मात्र त्या इवल्या काचेला आतून रुपेरी ठिपका दिल्यावाचून तिच्यात तेज येत नाही. अमेरिकी आरमाराच्या ईए-६बी प्राउलर विमानाच्या काचांत सोन्याचा अतिशय पातळ थर असे, आतील माणसांचे प्रबळ रेडिओलहरींपासून रक्षण व्हावे म्हणून. त्याची सोनेरी झाक पिवळ्यात धूम्रवर्णाचा अंश घालून मिळते. आणि तेलाचे ओघळ, बंदुकीच्या तोंडाची काजळी, पत्र्यांच्या सांध्यांतील मळ यांसाठी पातळ केलेला धूम्रवर्ण तर प्रत्येक प्रतिकृतीला लागतोच.

एवढ्या सगळ्या कामांना किती बाटल्या लागतील? याचे उत्तर छापखान्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे दिवाळी अंकांवरून महाराष्ट्रात घरोघर पोहोचली, ती रंगीत छपाईच्या मोजक्या शायांनी. सायन निळी, किरमिजी आणि पिवळी या शाया पारदर्शक असल्यामुळे एकीवर एक पडली की तिसरा रंग निर्माण होतो, आणि काळी शाई त्याला खोली देते. प्रतिकृतिकाराने हीच तजवीज करावी. पिवळा, किरमिजी आणि थॅलो निळा हे तीन मूळ रंग, त्यांच्या सोबतीला थॅलो हिरवा व पारदर्शक लोह-तपकिरी, आणि नाममात्र काळा, एवढा सरंजाम पुरेसा आहे. किरमिजीत पिवळा घातला की दिव्याचा तांबडा होतो. पिवळा वाढविला की नारिंगी. त्या नारिंगीत निळ्याचा अंश घातला की तपकिरी झाकेचा धूम्रवर्ण, जो नुसता काळा पातळ करून मिळणाऱ्या निर्जीव करड्याहून कितीतरी सरस असतो. एक ताकीद मात्र ध्यानात ठेवावी. थॅलो निळ्याची रंगविण्याची शक्ती इतकी प्रचंड आहे की पिवळ्यात निळा घालावा, निळ्यात पिवळा कधीही घालू नये. तसे केल्यास इष्ट हिरवा साधेपर्यंत वाटीभर मिश्रण होऊन बसते.

मूळ रंग कोठून आणावेत, हा खर्चाचा खरा प्रश्न आहे, आणि येथे स्वस्त व टाकाऊ यांतील फर्क ओळखण्याची गरज आहे. स्वयंपाकघरातील खाद्यरंग, फाउंटन पेनची शाई, हाताने फोटो रंगविण्याचे पातळ रंग, प्रिंटरच्या काही शाया, ही सर्व विरघळणारी रंगद्रव्ये आहेत. ती अत्यंत स्वच्छ दिसतात, कवडीमोलाने मिळतात, आणि याच कारणामुळे अनेक जण त्यांच्या मोहात पडतात. परंतु त्यांतील बहुतेक उन्हाला टिकत नाहीत. शिवाय जी पाण्यात विरघळतात ती थर वाळल्यावरही वरच्या ओल्या हाताने पुन्हा सुटून पसरण्याचा संभव राहतो. वर्षभर खपून केलेल्या प्रतिकृतीवर असा रंग चढविणे ही काटकसर नव्हे. काचेच्या कपाटात, सावलीत राहणाऱ्या एखाद्या दिव्याच्या ठिपक्यापुरती मी त्यांना हरकत घेत नाही, त्यापलीकडे घेतो.

कणरूप रंगांची कैफियत निराळी आहे. पूर्वी पारदर्शक तांबडे आणि निळे म्हणजे उडून जाणारे, अशीच चित्रकारांची तक्रार असे. १९२८ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथील रंगाच्या कारखान्यात एका निराळ्याच रसायनाच्या उत्पादनात, भांड्याचे अस्तर तडकून आतल्या लोखंडाशी प्रक्रिया झाल्यामुळे, एक अनपेक्षित निळसर द्रव्य सापडले. त्याच्या अभ्यासातून तांब्याचे थॅलोसायनीन सिद्ध झाले आणि १९३५ मध्ये ते मोनास्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आले. पुढे १९५८ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने क्विनाक्रिडोन जातीचे किरमिजी-जांभळे रंग विक्रीस आणले. गर्दपणा, पारदर्शकता आणि उन्हापुढील टिकाऊपणा हे तीन गुण एकत्र नांदणारे हे रंग आज शाळकरी मुलांच्या ॲक्रिलिक संचातही असतात. तेव्हा खरेदी करताना नळीवरील आकर्षक नाव वाचण्याऐवजी तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा : पी बी १५ म्हणजे थॅलो निळा, पी जी ७ म्हणजे थॅलो हिरवा, पी आर १२२ म्हणजे क्विनाक्रिडोन किरमिजी, आणि पी डब्ल्यू ६ दिसला की त्यात टायटॅनियमचा पांढरा आहे असे समजून ती नळी परत ठेवावी. आकाशी, फिरोजी, पिस्ता अशा फिकट नावांच्या नळ्यांत तो बहुधा असतोच. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या उद्योगापासून सुरू केलेल्या कॅम्लिनसारख्या देशी कारखान्यांमुळे चित्रकलेचे साहित्य आपल्याकडे तालुक्याच्या स्टेशनरी दुकानापर्यंत पोहोचले आहे, आणि तेथेच काचेवर नक्षी काढण्याचे पारदर्शक रंगही मिळतात. त्यांत जलीय आणि द्रावकी असे दोन प्रकार असून ते एकमेकांत कदापि मिसळू नयेत.

माध्यमाविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. अमेरिकेत फ्यूचर आणि ब्रिटनमध्ये क्लिअर या नावाने एस. सी. जॉन्सन कंपनीचे फरशीला चकाकी देणारे एक ॲक्रिलिक द्रव्य मिळत असे. गृहिणींसाठी निघालेले हे द्रव्य प्रतिकृतिकारांनी आपलेसे केले : विमानाच्या पारदर्शक छत्र्या त्यात बुडवून काढल्या की ओरखडे नाहीसे होऊन त्या झळझळीत होत, आणि त्यातच रंगाचे थेंब घालून लोक पारदर्शक रंग करीत. त्याची नावे पुढे वारंवार बदलली आणि तूर्त आपल्या बाजारात ते शोधत बसण्यात अर्थ नाही; परंतु त्याच्या यशाचे मर्म आपल्याला उपयोगी आहे. ते पातळ होते, आपोआप समतल पसरत असे, आणि त्यात प्रकाश विखुरणारे काहीही नव्हते. चित्रकलेच्या दुकानातील तकाकीचे ॲक्रिलिक माध्यम योग्य प्रमाणात पातळ केले तर हे तिन्ही गुण त्याच्या ठायी आणता येतात. दहा थेंब माध्यमाला एक थेंब रंग, हे मी आरंभाचे प्रमाण मानतो. मॅट माध्यम मात्र घेऊ नये, कारण त्यातील तकाकी मारणारी भुकटी थराला धुरकट करते; तकाकी नको असेल तर रंगकाम संपल्यावर सर्वांत वर मॅटचा एकच हात द्यावा.

या माध्यमाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. ॲक्रिलिक माध्यमात रेझिनचे बारीक गोळे पाण्यात तरंगत असतात. त्यामुळे ते ओले असताना दुधाळ दिसते, आणि पाणी उडून गोळे एकजीव झाले म्हणजे स्वच्छ होते. म्हणून वाटीतील ओल्या मिश्रणाची छटा पाहून निर्णय करणे सर्वथा चुकीचे. वाळल्यावर ते हमखास गडद दिसणार. पाणी बेसुमार घातले तर गोळ्यांना एकमेकांना धरता येत नाही आणि थर दुबळा होतो. काही माध्यमे अल्कोहोलच्या स्पर्शाने फाटतात, तर तामियाचे ॲक्रिलिक रंग अल्कोहोलनेच उत्तम पातळ होतात; सबब दोन घराण्यांचे रंग एकत्र करण्यापूर्वी एका थेंबावर परीक्षा घ्यावी. उन्हाळ्यात सुईच्या टोकावर रंग वाळून फवारा तुटू लागला तर मिश्रणात ग्लिसरीनचा अगदी अल्पांश घालावा. आणि लॅकर वापरणाऱ्या कोकणपट्टीतील वाचकांना विशेष सूचना अशी की, पावसाळ्यात झपाट्याने उडणाऱ्या द्रावकामुळे पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते, आणि स्वच्छ लॅकर पांढुरके होऊन बसते. झाकणाऱ्या रंगात हा दोष पुष्कळसा खपून जातो. पारदर्शकात तो सगळ्या कामाची राखरांगोळी करतो. अशा दिवसांत सावकाश उडणारे थिनर घ्यावे किंवा काम पुढे ढकलावे.

एअरब्रश हे उपकरण मुळात अशाच पातळ रंगांसाठी जन्माला आले, ही गोष्ट आज बरीच विस्मरणात गेली आहे. अमेरिकेतील ॲबनर पीलर याने १८७९ साली केलेले त्याचे आद्यरूप आणि चार्ल्स बर्डिक याने १८९०च्या दशकात सिद्ध केलेले, रंग व हवा उपकरणाच्या आतच मिसळणारे रूप, या दोहोंचा प्रारंभीचा उपयोग जलरंगात आणि छायाचित्रांच्या संस्करणात झाला. आपल्याकडे फवाऱ्याची ही विद्या पाहावयाची असेल तर पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात सणाच्या आधी जावे. डोळ्यांच्या आखणीची थोरवी सर्वजण गातात. पण गालावर, बोटांच्या पेरांवर आणि सोंडेच्या वळणावर जी कोवळी छटा कारागीर फवाऱ्याने देतो, ती देताना त्याचे मनगट कसे अखंड हलते आणि रंगाचा फवारा मूर्तीवर येण्यापूर्वी सुरू होऊन मूर्ती ओलांडल्यावर कसा बंद होतो, हे नीट न्याहाळले तर कोणत्याही पुस्तकातील प्रकरणाहून अधिक शिक्षण होते. आपल्या कामाला ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे नॉझल, चौरस इंचाला १५ ते २० पौंड दाब, आणि तळापासून चार बोटांचे अंतर, एवढे आरंभाला पुरे. पहिला हात जवळजवळ दिसूच नये. तो दिसला तर मिश्रण तीव्र आहे.

मिश्रणाची नोंद ठेवण्याविषयी या पुस्तकात जो आग्रह आहे तो काहींना अतिरेकी वाटेल. प्रत्येक मिश्रण ड्रॉपरने थेंब मोजून करावे, आणि रुपेरी रंग दिलेल्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर ते पायऱ्यापायऱ्यांनी चढवावे : टोकाशी एक हात, त्याअलीकडे दोन, मग तीन. चमच्याच्या दांड्यावर रंगद्रव्याचे क्रमांक, थेंबांचे प्रमाण आणि तारीख लिहावी. नंतर त्या चमच्याचा उभा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने घट्ट गुंडाळून तो खिडकीत, जेथे ऊन येते तेथे, काही महिने राहू द्यावा. कागद काढल्यावर दोन अर्धांत फरक दिसला तर ते मिश्रण, ते कितीही सुंदर असो, वहीतून खोडून टाकावे. उंची आणि स्वस्त रंगांना येथे सारखाच न्याय लागू आहे, आणि या परीक्षेत देशी शालेय नळीतील थॅलो निळ्याने परदेशी बाटलीच्या तोडीस तोड टिकून राहावे यात मला काही नवल वाटत नाही, कारण दोहोंच्या आत द्रव्य एकच असते.

अखेरीस, या पुस्तकात काय नाही याविषयी खुलासा केला पाहिजे. खऱ्या मोटारींवर पारदर्शक रंगाचे जे अप्रतिम काम होते त्याच्या वरचा थर बहुधा दोन घटकांच्या पॉलियुरेथेनचा असतो. त्याची तकाकी मी नाकारीत नाही; परंतु त्यातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि साध्या कापडी मुखपट्टीने त्यांपासून रक्षण होत नाही. ज्या घरात रंगकामाच्याच खोलीत मुले अभ्यास करतात आणि वडीलधारी माणसे झोपतात तेथे हे द्रव्य फवारण्याची शिफारस मी करणार नाही, म्हणून त्याचे प्रकरण जाणूनबुजून वगळले आहे. कॅडमियमचे पिवळे आणि तांबडे रंगही याच न्यायाने बाद केले आहेत. ते फवाऱ्याने उडविणे आरोग्याला घातक आहे, आणि ते झाकणारे असल्यामुळे आपल्या कामाचेही नाहीत. जे जलीय रंग येथे सांगितले आहेत त्यांचेही तुषार फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून कणरोधक मुखवटा लावावा, खिडकी उघडी ठेवावी, आणि थिनरची बाटली देवघरातील समईपासून व स्वयंपाकघरातील शेगडीपासून दूर ठेवावी. मुखवट्याचा खर्च या पुस्तकातील साहित्याच्या यादीत पहिल्या ओळीत धरला आहे. रंगांची यादी त्याच्या खाली सुरू होते.